कर्नो आणि मॅके: कार्लटनने विकावेत का? भाव काय मागावा?

नेव्हीब्लू_नाना (टार्नीट, मेलबर्न), ऑगस्ट २०२५

थेट मुद्द्यावर येतो. चार्ली कर्नो आणि हॅरी मॅके या उंच फॉरवर्डच्या (पुढे उभं राहून गोल मारणाऱ्यांच्या) जोडीपैकी एकाला, नाहीतर दोघांनाही, येत्या ऑक्टोबरच्या ट्रेडमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या क्लबांमधली खेळाडूंची अदलाबदल) आमच्या कार्लटन क्लबने विकून टाकावं का? पेपरात रोज काही ना काही छापून येतंय. चार्लीचं नाव कधी जिलाँगशी जोडतात, कधी सिडनीशी, कधी गोल्ड कोस्टशी. हॅरीबद्दल आवाज कमी आहे, पण आहे. इथे सगळ्या रंगांचे स्कार्फवाले आहेत म्हणून विचारतो. घरी विचारून उपयोग नाही, पोराच्या जर्सीवर चार्लीचा ३० नंबर आहे. तो विषय काढला की जेवणाचं ताट सोडून उठतो.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी. २०१५च्या एकाच ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवी पोरं निवडतात, एक पाळी म्हणजे एक पिक) आम्ही पहिल्या पिकवर जेकब वाइटरिंग, दहाव्यावर मॅके आणि बाराव्यावर कर्नो उचलला. एवढं घबाड एका संध्याकाळी कुणाच्या हाती लागत नाही. मॅकेने २०२१चं कोलमन मेडल घेतलं, कर्नोने २०२२ आणि २०२३चं. म्हणजे सलग तीन वर्षं लीगमध्ये सर्वांत जास्त गोल मारणारा गडी आमचा. आणि त्या तीन वर्षांत फायनल्स (पहिल्या आठ संघांमधले कप ठरवणारे सामने) खेळलो किती वेळा? एकदा. २०२२ला शेवटच्या सामन्यात कॉलिंगवूडकडून एका गुणाने हरून नववे आलो, तो दिवस काढूच नका.

२०२३ला मात्र मजा आली. निम्मा सीझन तळाला काढला, मग लागोपाठ नऊ सामने जिंकले, प्रिलिमिनरी फायनलपर्यंत गेलो, गॅबावर ब्रिस्बेनकडून १६ गुणांनी हरलो. वाटलं, झालं, आता पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी त्याच गॅबावर एलिमिनेशन फायनलमध्ये सुरुवातीलाच साठ-शून्यने मागे. टीव्ही बिघडलाय असं वाटावं असा स्कोअर. आणि यंदा पहिल्याच सामन्यात रिचमंडविरुद्ध, म्हणजे गेल्या वर्षी ज्यांनी लाकडी चमचा घेतला (शेवटचे आले) त्यांच्याविरुद्ध, ४१ गुणांनी पुढे असताना हरलो. नंतर नॉर्थ मेलबर्ननेही हरवलं. आठाच्या आत जायची आशा कधीच संपली.

आता माझा हिशोब. चार्ली २८चा, हॅरी डिसेंबरात २८चा होईल. चार्लीचं कॉन्ट्रॅक्ट २०२९पर्यंत, हॅरीचं २०३०पर्यंत. दोघं मिळून पगाराच्या कोट्यातला मोठा लचका घेतात. चार्लीचे गुडघे आधीच कामातून गेले होते, २०२० पूर्ण बाहेर बसला होता. आज त्याला बाजारात भाव आहे, तीन वर्षांनी असेल का? शिवाय आमची झोळी रिकामी आहे. गेल्या वर्षी आपला यंदाचा पहिल्या फेरीचा पिक हॉथॉर्नला दिला, त्यातून जुळवाजुळव करून तिसऱ्या नंबरपर्यंत चढलो, जॅगा स्मिथ घेतला, आणि पोराचा गुडघा सीझन सुरू व्हायच्या आधीच फाटला. त्याचा दोष नाही, पण आमच्या नशिबाची चाल अशी आहे.

न विकण्याच्या बाजूने एकच गोष्ट मला सतावते. मी मैदानावर बघतो तेव्हा दोष या दोघांचा दिसत नाही. आमचा मिडफिल्डर क्रिप्स चिखलातून बॉल काढतो, हाताने बाजूला देतो, आणि तो बाजूचा माणूस मान वर न करता बॉल आभाळात मारतो. खाली चार्ली, त्याच्या अंगावर दोघं, तिसरा मागून धावत येतोय. बॉल खाली पडला की तो गोळा करायला आमचा एकही छोटा फॉरवर्ड तिथे नाही. छोट्यांपैकी ज्याला गोलचा वास यायचा तो मॅट ओवीज, त्याला गेल्या वर्षी वेस्ट कोस्टला दिला. मग टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणणार, 'कर्नो आज दिसला नाही.' दिसेल कसा?

मी ट्रॅम चालवतो, १९ नंबर. नॉर्थ कोबर्गहून सिडनी रोडने खाली, मग रॉयल परेडवरून, म्हणजे आमच्या क्लबच्या दारावरूनच. ब्रन्सविकचे म्हातारे इटालियन सामन्याच्या दिवशी स्कार्फ घालून चढतात. त्यांतला एक टर्मिनसला गाडी थांबली की माझ्याशी हमखास बोलतो. त्याचं म्हणणं, दोघांनाही विका, सिल्व्हान्यीने आणलेलं सगळं मोडून नव्याने बांधा. (वाइटरिंग, मॅके आणि कर्नो हे तिघंही स्टीफन सिल्व्हान्यी खेळाडू निवडायच्या कामावर असतानाच आले होते, आणि तोच म्हातारा तेव्हा त्याचे गोडवे गात असणार.) मला दोघांना विकणं पटत नाही. माझा कल चार्ली विकावा, हॅरी ठेवावा, असा आहे. पण मला खात्री हवी आहे. बोला.


ब्लूज_भोरकर (जिलाँग)

नाना, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन कोलमनवाला माणूस विकायचा आणि बदल्यात काय, तर १८ वर्षांची पोरं, ज्यांना अजून दाढीही फुटली नाही? २०१७ आठवा. तिसऱ्या पिकवर पॅडी डाऊ, दहाव्यावर लॉकी ओब्रायन. तेव्हाही असंच ऐकलं होतं, 'भविष्य', 'भविष्य'. आज दोघंही आपल्याकडे नाहीत. ड्राफ्ट म्हणजे लॉटरीचं तिकीट, आणि आपण ते तिकीट हातातली नोट फाडून घ्यायला निघालोय.

आणि मी राहतो जिलाँगमध्ये. शेजारी, ऑफिस, सलूनवाला, सगळे कॅट्सवाले, म्हणजे जिलाँगचे. चार्ली इथे आला तर मला घर विकून वेरिबीला यावं लागेल. या लोकांनी जेरेमी कॅमरन २०२०ला जीडब्ल्यूएसकडून (सिडनीचा दुसरा क्लब) घेतला, तेव्हा पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले, सगळे म्हणाले महाग घेतला. २०२२ला कप घरी. आता तोच कॅमरन दाखवून हे मला चिडवतात. विकणाऱ्याला ते तीन पिक कोण होते हे कुणी विचारतसुद्धा नाही.

विकू नका. छोटे फॉरवर्ड आणा, कोच बदला, काय करायचं ते करा. चार्लीला हात लावू नका.


पर्थकर (पर्थ)

भोरकर, कार्लटनला फॉरवर्ड विकण्याचा इतिहास शिकवायचा तर मला शिकवू दे, कारण फायदा आमचा झालाय.

२००७चा शेवट. ख्रिस जडला आमचं वेस्ट कोस्ट सोडून मेलबर्नला जायचं होतं, त्याने कार्लटन निवडलं. तुमच्या लोकांनी आम्हाला तिसरा आणि विसावा पिक दिला, आणि वर जॉश केनेडी नावाचा एक लांबलचक पोरगा दिला. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच त्याला चौथ्या पिकवर घेतला होता, मूळचा आमच्याकडचा, नॉर्दॅम्प्टनचा. त्या वेळी पर्थमध्ये जड गेला म्हणून सुतक होतं. केनेडीकडे कुणी बघितलंही नाही. पुढे तोच आमच्या क्लबचा आजवरचा सर्वांत जास्त गोल मारणारा खेळाडू झाला, २०१५ आणि २०१६ची कोलमन घेतली, २०१८चा कप घेतला. २०२२ला शेवटच्या सामन्यात ॲडलेडविरुद्ध आठ गोल मारले. आठ! मी वरच्या मजल्यावर होतो, प्रत्येक गोलला शेजारचा अनोळखी माणूस मला मिठी मारत होता. जडने तुमच्याकडे २०१०चा ब्राऊनलो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) घेतला, माणूस म्हणून सोनं होता, पण त्याच्या काळात कार्लटन सेमीच्या पलीकडे गेलं नाही.

म्हणजे 'विकू नका' हेच सिद्ध झालं, असं भोरकर म्हणेल. थांब. तिथे तुम्ही वाढीला लागलेला २० वर्षांचा फॉरवर्ड विकला होता. इथे प्रश्न २८ वर्षांच्या, सगळं करून दाखवलेल्या माणसाचा आहे. ही दोन वेगळी दुकानं आहेत.

आता २०१८ बघा, कारण त्या एका ऑक्टोबरमध्ये सगळे धडे आहेत. एक सहावा पिक होता, ब्रिस्बेनचा. ब्रिस्बेनने तो आणि आणखी काही देऊन फ्रीमँटलकडून लॅकी नील घेतला. फ्रीमँटलने तोच सहावा पिक २३व्या पिकसोबत मेलबर्नला देऊन जेसी होगन घेतला, कारण फॉरवर्ड हवा होता. मेलबर्नने तोच सहावा पिक गोल्ड कोस्टला देऊन स्टीव्हन मे आणि केड कोलोजास्नी आणले. आणि गोल्ड कोस्टने त्या पिकवर शेवटी घेतला बेन किंग, म्हणजे पुन्हा एक उंच फॉरवर्ड. एक कागदाचा तुकडा चार क्लब फिरून आला. कोण कुठे पोचलं ते बघा. नीलने दोन ब्राऊनलो घेतले आणि गेल्या वर्षी कप. मे २०२१च्या कपात मेलबर्नच्या बचावाचा खांब होता. तो अंतिम सामना कोविडमुळे आमच्या पर्थला झाला, मी स्वतः बघितलाय, बुलडॉग्ज पुढे असताना मे ज्या तऱ्हेने पाठीमागून सगळ्यांना ओरडून जागेवर उभं करत होता ते टीव्हीवर दिसलं नसणार. मेलबर्नचा ५७ वर्षांचा दुष्काळ संपला. होगन फ्रीमँटलला दोन वर्षं राहिला, मग अगदी किरकोळ पिकवर जीडब्ल्यूएसला गेला, आणि २०२४ला तिथे कोलमन जिंकला. गोल्ड कोस्टचा किंग गोल मारतो, पण क्लब २०२४पर्यंत एकदाही फायनल्सला गेला नव्हता.

फ्रीमँटलचं दुखणं आमच्या शहरातलं म्हणून जरा जास्तच चवीने सांगितलं, माफ करा. पण मेलबर्नकडे बघा. त्यांनी फॉरवर्ड विकला आणि 'भविष्य' घेतलं नाही. आपल्या भिंतीला भोक कुठे आहे ते ओळखून त्या मापाची वीट आणली. नाना, तुझ्या भिंतीला भोक कुठे आहे ते तूच लिहिलंयस. बाहेरच्या बाजूने धावणारा, मान वर करून पास देणारा माणूस, आणि एक-दोन छोटे फॉरवर्ड. मग चार्लीच्या बदल्यात तसा एक तयार खेळाडू आणि पहिल्या फेरीचे किमान दोन पिक, एवढं मागा. नुसते पिक घेऊन घरी आलात तर पुढची पाच वर्षं हाच धागा वर काढत बसाल.

आमचं काय विचारू नका. ऑस्कर ॲलन, कर्णधारांपैकी एक, वर्षाअखेर फ्री एजंट (कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा) होतोय आणि ब्रिस्बेनची चर्चा आहे. आमच्यावर विकायचं की नाही हे ठरवायची वेळसुद्धा येत नाही.


सदाशिव_पेठी (पुणे)

मी रात्री जागून क्रिकेट बघणारा माणूस, तुमचा हा अंडाकृती बॉल मला भाच्यामुळे माहीत. एक समजत नाही. चार्लीचं कॉन्ट्रॅक्ट २०२९पर्यंत आहे ना? मग क्लब त्याला विकणार म्हणजे काय, तो काय बैल आहे का? आणि त्याने नाही म्हटलं तर?

दुसरं, आयपीएलमध्ये हार्दिकला गुजरातहून मुंबईने परत आणला, कर्णधार केला, आणि २०२४ला मुंबई दहापैकी दहावी. तेव्हा घेणाऱ्यानेच जास्त जपावं असं माझं नम्र मत.


नेव्हीब्लू_नाना

पेठीकाका, बरोबर जागी बोट ठेवलंत. इथे कॉन्ट्रॅक्टमधल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही. त्यामुळे 'विकावं का' याचा खरा अर्थ, तो म्हणाला 'मला जायचंय', तर आपण दार उघडावं का आणि किती घेऊन. कुठल्या क्लबला जायचं तेही बहुतेक वेळा खेळाडूच सांगतो. म्हणजे गिऱ्हाईक एकच उरतं आणि त्याला ते माहीत असतं. तरी कॉन्ट्रॅक्ट लांबचं असलं की क्लबच्या हातात काठी असते, 'भाव पटला नाही तर राहा इथेच.' फ्री एजंट असता तर ती काठीही नसती. मग लीग भरपाईचा पिक देते, तेवढ्यावर समाधान. बेन मॅके, म्हणजे आमच्या हॅरीचा जुळा भाऊ, असाच नॉर्थहून एसेंडनला गेला आणि नॉर्थला भरपाई म्हणून थेट तिसरा पिक मिळाला. अख्ख्या लीगने तोंडात बोटं घातली होती.

पर्थकर, केनेडीचं मला माहीत होतं, पण आठ गोलचं सांगायची गरज नव्हती. २०२३ला चार्लीने तुमच्याविरुद्ध एका सामन्यात दहा मारले होते, त्याची परतफेड झाली समजतो.


एसेंडनची_सून (एसेंडन)

लग्न करून आले तेव्हा मला कुठलाच क्लब नव्हता. सासरी पहिल्याच जेवणात सांगितलं, या घरात बाकी काहीही चालेल, कार्लटन चालणार नाही. त्यामुळे नाना, तुमचं भलं व्हावं अशी माझी इच्छा नाही, तरी अनुभव सांगते.

जो डॅनिहरने २०१९ला सांगितलं, मला सिडनीला जायचंय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट अजून एक वर्ष होतं. आमच्या क्लबने ताठ मान करून सांगितलं, देणार नाही. सासरे खूश, पेढे वाटायचेच बाकी होते. २०२०ला तो कसेबसे चार सामने खेळला, आणि वर्ष संपताच फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला निघून गेला. हाती आला भरपाईचा सातवा पिक. त्या ड्राफ्टला तो आणि आमचे आणखी दोन पिक सरकून ८, ९, १० असे ओळीने झाले, कॉक्स, पर्किन्स आणि रीड. घरात फ्रिजवर तिघांचे फोटो लावले होते. गेल्या वर्षी डॅनिहर ब्रिस्बेनकडून कप जिंकला आणि मग निवृत्तही झाला, ऐन तिशीत, हसत हसत. आम्ही मात्र २००४नंतर एक फायनल जिंकलेली नाही. फोटो अजून फ्रिजवर आहेत, सासूबाई काढू देत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं, मन उडालेला फॉरवर्ड धरून ठेवण्यात अर्थ नाही. मिडफिल्डचा माणूस नाराज असला तरी बॉल त्याच्याकडे येतोच. फॉरवर्डचं काम म्हणजे शंभर वेळा धावायचं आणि त्यांतल्या दहा वेळा बॉल मिळवायचा. मन नसेल तर तो नव्वद वेळा धावतच नाही, आणि ते कुठल्या आकड्यात दिसत नाही. चार्ली खरंच तिथवर आला असेल तर यंदाच द्या. नसेल तर भोरकरांचं ऐका.

हॅरीला मात्र सोडू नका. यंदा सुरुवातीला तो मानसिक आरोग्यासाठी काही आठवडे बाहेर राहिला, तेव्हा क्लबने त्याला वेळ दिला, लोकांनीही दिला. अशा माणसाला त्याच वर्षी बाजारात उभं करायचं, हे मला कार्लटनकडूनसुद्धा बघवणार नाही.


पॅरामट्टाचा_पाटील (सिडनी)

घेणाऱ्याच्या बाजूने मी बोलतो, कारण मी सिडनी स्वान्सवाला आणि आमचं घराणंच उंच फॉरवर्ड विकत घेणारं. १९९४ला सेंट किल्डाकडून टोनी लॉकेट आणला. सिडनीत रग्बीच्या गर्दीत या खेळाला उभं राहायला जागा त्याने करून दिली. १३६० गोल, अजून विक्रम आहे.

मग २०१३ला बडी. लान्स फ्रँकलिन, नऊ वर्षं, एक कोटी डॉलर. हॉथॉर्न त्याच वर्षी कप जिंकलं होतं आणि बडी गेल्यावरही २०१४ आणि २०१५ला जिंकलं. २०१४च्या अंतिम सामन्यात समोर कोण? आम्हीच. ६३ गुणांनी. बडीने चार गोल मारले, त्याने काय व्हायचं? २०१६ला परत अंतिम सामना, बुलडॉग्जकडून हरलो. त्यांच्या टॉम बॉइडने तीन गोल मारले, तोही एक महागात घेतलेला फॉरवर्ड. २०२२ला जिलाँगकडून ८१ गुणांनी, तिथे कॅमरन. बडी गेल्यावर २०२४, ब्रिस्बेन, तिथे डॅनिहर. वहिनी, तुमचा फ्रिजवाला हिशोब वाचून मी हसलो नाही, देवाशपथ.

तरी विचाराल की बडी घेतला याचा पश्चात्ताप आहे का, तर नाही. २०२२च्या मार्चमध्ये एससीजीवर त्याने हजारावा गोल मारला तेव्हा माणसांचा पूर मैदानात घुसला, त्यात मी, माझी बायको आणि आमचा छोटा बाबागाडीसकट. कप नाही मिळाला. पण त्या नऊ वर्षांत सिडनीत फुटी बघायला कुणाला ओढून न्यावं लागलं नाही.

भोरकरांचा मुद्दा मात्र पोकळ आहे. हॉथॉर्नने बडी गमावला आणि जिंकलं, कारण त्यांच्याकडे रफहेड होता, गन्स्टन होता, ब्रूस्ट होता. आणि बॉल पुढे नेणारं मिडफिल्ड होतं, हॉज, मिचेल, लुइस. तुमच्याकडे चार्ली असून बॉल पुढे जात नाही. तेव्हा ठेवूनही तेच, विकूनही तेच. मग विकलेलं बरं, निदान काही हातात येईल.

आणि हो, आम्हाला चालेल. भाव बोला. गुडघ्याचं तुमच्यापेक्षा आम्ही जास्त बघून घेऊ, बडीचं वजन सांभाळलंय.


ब्लूज_भोरकर

पाटील, तुम्ही तर दुकान उघडूनच बसलात. सिडनीला गेला तरी चालेल, जिलाँगला नको. एवढंच बोलतो आणि थांबतो.


नेव्हीब्लू_नाना

सगळ्यांचं वाचलं. ट्रॅमच्या ब्रेकमध्ये दोनदा वाचलं.

हॅरीचा विषय माझ्यापुरता बंद. वहिनींनी लिहिलंय त्याच कारणासाठी, आणि खेळाच्या कारणासाठीही. चार्ली गेला तर हॅरीच्या अंगावर समोरच्या संघाचा पहिला बचावपटू येईल, हे मला कळतं. पण गेली काही वर्षं तो वरपर्यंत धावून बॉल घ्यायला येतो, चार्लीपेक्षा जास्त. सेट शॉट (थांबून निवांत मारायची किक) मात्र छातीवर हात ठेवून बघावा लागतो. गोल ३० मीटरवर, समोर सरळ, आणि हा बाजूला वळून तिरका मारणार. पोरगा विचारतो, 'बाबा, सरळ का मारत नाही?' मी सांगतो, जातोय ना आत, गप्प बस.

चार्लीबद्दल पर्थकरचा भाव मी धरतो, एक तयार खेळाडू आणि पहिल्या फेरीचे दोन. त्यात माझी एक भर. पिक यंदाचे आणि पुढच्या वर्षीचे मागावेत, फार लांबचे नकोत. २०२८ला टास्मानियाचा संघ येतोय, त्याच्या आसपासच्या ड्राफ्टमध्ये चांगली पोरं आधी त्यांच्याकडे जाणार, तेव्हा लांबच्या पिकला आजच्या इतकी किंमत राहणार नाही. शिवाय यंदा आमचा जुना खेळाडू पीटर डीन याचा मुलगा हॅरी डीन फादर-सन नियमाने (जुन्या खेळाडूच्या मुलावर त्याच्या क्लबचा आधी हक्क) आमच्याकडे येऊ शकतो, पुढच्या वर्षी अँड्र्यू वॉकरचा मुलगा कोडी. दुसऱ्या कुणी त्यांच्यावर बोली लावली की आम्हाला पिकांचे गुण (प्रत्येक पिकला ठरलेले असतात) मोजून ती जुळवावी लागेल, आणि त्यातली सूट यंदापासून कमी केलीय. आज आमच्या खिशात ते गुणच नाहीत. चार्लीच्या बदल्यात आलेला वरचा पिक बोलीच्या आधी वापरता आला तर एकाच ड्राफ्टमध्ये दोन चांगली पोरं. हे गणित क्लबमधल्या लोकांना येत असणार असं धरून चालतो, मागचा अनुभव बाजूला ठेवून.

आमचा रक (वर उडालेल्या बॉलवर झेपावणारा उंच खेळाडू) डी कोनिंग सेंट किल्डाला जाणार अशी चर्चा आहे, तो गेला तर एकाच उन्हाळ्यात रक पण नाही आणि चार्ली पण नाही. तेव्हा पाटील, तुमच्याकडून खेळाडू घ्यायचा तर गोल मारणारा, धावणारा, २५-२६चा हवा. उरलासुरला चालणार नाही. यादी पाठवा. आमच्या ब्रन्सविकच्या म्हाताऱ्याला दाखवतो, तो नाही म्हणाला की समजेन भाव रास्त आहे.